तारेलगतच्या दोन ओळी

माझ्या धाकट्या जावेला राग आला की ती भांडत नाही, हा तिचा पहिला आणि सगळ्यात मोठा दोष. भांडणारी माणसं मला चालतात. आवाज चढतो, एखादं भांडं आपटतं, जुनं उकरून निघतं आणि संध्याकाळपर्यंत दोघं मोकळी होतात. या बाईचं तसं नाही. ही गप्प बसते. आणि गप्प म्हणजे किती, तर दोन वर्षं आणि आठ महिने. तारेपलीकडे काम करताना मी दिसले तर मान फिरवावी ना? तेवढं केलं असतं तरी मला चार शब्द सुनावायला जागा मिळाली असती. तेही नाही. ती माझ्याकडे बघते आणि मी म्हणजे तारेचा एखादा खांब असावा तशी नजर पुढे नेते.

आणि एवढं करून शेवटी तिनं माझ्या बागेत जे करून ठेवलं, ते सांगायला मी बसले आहे.

आमचे नवरे सख्खे भाऊ. सासऱ्यांनी लिंबाची बाग मधोमध तार टाकून दोघांना वाटून दिली. विहिरीकडची थोरल्याला, रस्त्याकडची धाकट्याला. आता दोघं भाऊ नाहीत. आधी तिचा गेला, चार वर्षांनी माझा. माझा मुलगा दूर, मुलगी त्याहून दूर. तिला मूलबाळ नाही. राहिलो आम्ही दोघी, दोन घरं आणि मधली तार.

दुपारचं जेवण आम्ही एकत्र जेवायचो. बावीस वर्षं. स्वयंपाक माझा, कारण तिच्या हाताला मिठाचा अंदाज नाही. ती जेवणाआधी येऊन कांदा चिरायची, जेवून भांडी घासायची, आणि मधल्या वेळात माझ्या प्रत्येक भाजीत काय कमी आहे ते सांगायची. मी म्हणायचे, "मग तू करत जा." ती म्हणायची, "मी केलं तर तुम्हाला नावं ठेवायला मिळतील, मला ठेवायची आहेत."

फवारणीही एकत्र. एक पंप तिच्या पाठीवर, एक माझ्या. आधी माझ्या ओळी, मग तिच्या. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे बोलणं बंद, म्हणून ओळ संपली की झाडाची एक वाळकी काडी मोडायची आणि शेवटच्या बुंध्याशी मातीत खोचायची. म्हणजे कुठली ओळ झाली, कुठली राहिली ते विचारावं लागत नाही. ही खूण मीच तिला शिकवली, ती नवी नवरी होती तेव्हा. पहिल्या दिवशी तिनं ओळ संपल्यावर हिरवी फांदी मोडली होती, फळासकट. सासूबाईंनी बघायच्या आत मी ती विहिरीत टाकली.

मग मला खोकला लागला. डॉक्टरनं छाती तपासली, विचारलं, "काय करता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "औषधामुळेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण पंप उतरवून बघा." त्याच सुमारास गावातला बेकरीवाला दारात आला. त्याला लिंबाचा रस नको होता, साल हवी होती. साल साखरेत मुरवून तो केकमध्ये घालतो. म्हणाला, "काकू, रस आतला असतो, तो कुणीही पितो. साल म्हणजे ज्यावर औषध बसतं तेच मी लोकांना खायला घालतो. मला फवारणी नसलेलं लिंबू द्या. सेंद्रियचा दाखला मिळवलात तर दर वाढवून देईन आणि डब्यावर तुमच्या बागेचं नाव छापीन."

डब्यावर नाव. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. माझं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत छापलं गेलं, तेही चुकीचं.

मी पंप उतरवला. दाखल्याला तीन वर्षं लागतात. तीन वर्षं बागेत औषधाचा थेंब पडता कामा नये, दरवर्षी तपासणी, मग शिक्का. आणि नियम असा की शेजारी फवारणी करत असेल तर तारेलगतच्या दोन ओळी तुमच्या असून तुमच्या नाहीत. वाऱ्यानं औषध येतं म्हणून त्या ओळींची लिंबं वेगळी तोडायची, वेगळी विकायची, साध्या भावानं. अकरा ओळींतल्या दोन अशा गेल्या. उरलेल्या नऊ ओळींत पहिल्या वर्षी निम्मं पीक आलं. पानं खाणारी हिरवी अळी असते, ती हातानं वेचावी लागते. सकाळी साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन मी झाडाझाडाखाली वाकायचे. लसूण आणि तिखट मिरची उकळून त्याचं पाणी शिंपडायचे, तर अळीपेक्षा माझेच डोळे जास्त पाणी काढायचे. लिंबांवर डाग. बाजारात नेली तर भाजीवाली म्हणाली, "यांना देवी आल्यात का?"

मिळालं काय, तेही सांगते. माती मऊ झाली. फावडं मारलं की गांडुळं निघायला लागली, जी मी माहेर सोडल्यापासून बघितली नव्हती. पक्षी आले. खोकला गेला. औषध सोडल्यामुळे गेला की दिवसभर डबा घेऊन चालल्यामुळे गेला, ते मला सांगता येणार नाही, पण गेला.

धाकटीनं मात्र पंप उतरवला नाही. तिची लिंबं रसाच्या कारखान्यात जातात, टेम्पो भरून. ती म्हणाली, "जाऊबाई, तुमच्यामागे मुलगा आहे. माझा टेम्पो अर्धा गेला तर माझ्यामागे कोण आहे?" तिचं म्हणणं मला पटलं होतं. पटलं असं मी म्हणाले नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि मग ती दुपार. बेकरीवाला टोपल्या न्यायला आला होता. ऊन फार होतं. धाकटीनं स्वतःच्या ओटीतून दोन लिंबं काढली, त्याला सरबत केलं. तिची पद्धत अशी की वासासाठी सालीचा एक काप पेल्यात टाकायचा. तिनं पेला पुढे केला, त्यानं हात पुढे केला, आणि मी म्हणाले, "घेऊ नकोस ते. तिच्या लिंबाची साल आहे त्यात. विष आहे."

तो हात तिथेच राहिला. धाकटीनं पेला मोरीत ओतला. पेला घासला, विसळला, पालथा घातला, हात पुसले आणि गेली.

मी काय खोटं बोलले? आणि खरं बोलले म्हणावं, तर त्याच बागेचं, त्याच सालीचं सरबत मी वीस वर्षं प्यायले होते आणि वर आणखी मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोघींचा भात टाकला. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही टाकला. आठ दिवसांनी मी लहान पातेलं काढलं. ते इतकी वर्षं वापरात नव्हतं, त्यात मुलीच्या लहानपणीच्या रिबिनी होत्या.

तरी दाखल्यासाठी मला तिची गरज होती, हा सगळ्यात वाईट भाग. शेजारी कुठलं औषध कधी मारतो, याचा कागद दरवर्षी शेजाऱ्याच्या सहीनं द्यावा लागतो. मी तो कागद तारेच्या खांबाशी दगडाखाली ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो भरलेला, सही केलेला तिथेच असायचा. एकदा पाऊस आला तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. आणि फवारणीच्या आदल्या दिवशी ती तारेला लाल चिंधी बांधायची, म्हणजे मी माझ्याकडची तोडलेली लिंबं झाकून घ्यावीत. वारा माझ्या बाजूला असला की चिंधी बांधूनही पंप काढायची नाही, थांबायची. कागद, चिंधी, सगळं वेळेवर. शब्द तेवढा नाही. रस्त्यानं जाणारा कुणी बघत असेल तर म्हणेल, किती गुण्यागोविंदानं राहतात.

माणसाला घरात सवय कशाची होईल सांगता येत नाही. मला तिच्या भांड्यांच्या आवाजाची झाली. दुपारी एक वाजता पलीकडे ताट वाजलं की मी जेवायला बसायचे. एखाद्या दिवशी उशीर झाला तर मीही थांबायचे, आणि स्वतःलाच विचारायचे, कशासाठी थांबली आहेस गं? जेवताना मी म्हणायचे, "मीठ कमी आहे." मोठ्यानं म्हणायचे. कुणी उलटून बोलत नाही हे कळल्यावर पुढचा घास घ्यायचे.

तिसरं वर्ष भरायला चार महिने होते तेव्हा डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मुलगी म्हणाली, माझ्याकडे ये, ऑपरेशन करून तीन आठवडे राहा. मी दाराला कुलूप घातलं, तारेकडे एकदा बघितलं आणि बस पकडली. सांगायचं कुणाला? खांबाला?

मुलीकडे पहिल्या दिवशी तिनं माझ्यापुढे एक सफरचंद ठेवलं. "आई, सालीसकट खा, ऑरगॅनिक आहे." प्लॅस्टिकच्या डब्यात चार सफरचंदं, वर हिरवं पान छापलेलं. जावई हसून म्हणाले, "आई, सावकाश चावा. एकेक घास बसच्या तिकिटाएवढा आहे." मुलीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. तिला दुसरा महिना होता, डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं, पण तिनं स्वतःच ठरवलं होतं की पोटात जाईल ते चांगलंच जाईल. मग मी बघत राहिले. ती एक सफरचंद कापायची, अर्धं स्वतः घ्यायची, अर्धं दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायची. नवऱ्याला साधं. तिनं माझ्यापुढे अख्खं ठेवलं होतं. डोळ्यावर पट्टी असली म्हणून काय, एवढं कळतं. दुसऱ्या दिवसापासून मी दात दुखतो म्हणाले.

मी पिकवणारी. माझं लिंबू महाग विकलं जातं याचा मला अभिमान होता. ते कुणाच्या घरात अर्धं कापून झाकून ठेवलं जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मुलीला मी काही बोलले नाही. ती चुकत होती असंही मला वाटलं नाही. बरोबर होती असंही नाही.

परत आले तेव्हा नवा डोळा लख्ख होता आणि बाग त्याहून लख्ख. निघताना अळीनं झाडं पोखरली होती, आता कोवळी पानं, एकाला भोक नाही. मला वाटलं, जाण्याआधी शिंपडलेलं मिरचीचं पाणी लागलं. बेकरीवाल्याला मी ऐटीत सांगितलं, "बघ, वय झालं तरी हात चालतो." तो म्हणाला, "काकू, चार महिन्यांनी डबे छापायला टाकतो."

तपासणीवाली पोरगी आली. टोपी घातलेली, बारीक, कालपरवा शाळा सुटल्यासारखी. तिनं प्रत्येक ओळीतली पानं आणि दोन-दोन लिंबं कागदी पिशव्यांत भरली. जाताना म्हणाली, "आजी, बाग छान दिसते आहे." तीन आठवड्यांनी फोन आला, ऑफिसला या.

त्यांचं ऑफिस रंगाच्या दुकानावर आहे, जिना चढेपर्यंत रंगाचा वास डोक्यात जातो. पोरगी म्हणाली, "आजी, आधी बसा." बसायला सांगतात तेव्हा चांगलं काही येत नाही, हे मला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत आहे. मी उभी राहिले.

"सॅम्पलमध्ये औषध निघालं," ती म्हणाली.

"वाऱ्यानं आलं असेल. तारेलगत..."

"तारेलगतच्या दोन ओळी आपण धरतच नाही. विहिरीजवळच्या ओळीत निघालंय, आजी. सगळ्या ओळींत सारखं. वाऱ्यानं असं येत नाही. कुणीतरी झाडांवर मारलंय."

मी म्हणाले, "माझ्या बागेत कोण येणार मारायला? चोरी करतात लोक. औषध मारून देणारा चोर मी तरी ऐकला नाही."

तिनं एक फॉर्म काढला आणि पेनानं दाखवलं. दोन चौकोन होते. पहिला, औषध घरच्या माणसानं मारलं. दुसरा, बाहेरच्या माणसानं परवानगीशिवाय मारलं. बाहेरच्यानं मारलं असेल तर त्याचं नाव लिहायचं, तक्रार द्यायची, मग बागेला एक वर्ष थांबवतात आणि पुढे चालू. घरच्यानं मारलं असेल तर झालेली तीन वर्षं पुसली, पुन्हा पहिल्यापासून तीन.

"आणि ज्याचं नाव लिहिलं त्याचं?" मी विचारलं.

"त्यांना बोलावतील. जबाब द्यावा लागेल. आणि ते ज्या कारखान्याला माल देतात तिथे पत्र जातं."

"परवापर्यंत सांगते," मी म्हणाले.

घरी आल्यावर मी कुलूपही काढलं नाही, तशीच बागेत गेले. पहिल्या ओळीच्या टोकाला, शेवटच्या बुंध्याशी, एक वाळकी काडी खोचलेली होती. दुसऱ्या ओळीलाही. मी चालत राहिले. अकरा ओळी, अकरा काड्या, विहिरीपर्यंत. एवढे दिवस त्या तिथेच होत्या. नव्या डोळ्यानं मला सुईत दोरा ओवता येत होता, आणि या काड्या दिसल्या नव्हत्या, कारण त्या जागी काडी असणं हे मला इतकी वर्षं नेहमीचंच होतं.

तारेलगतच्या दोन ओळींवर थांबली असती तर कुणाचं काही गेलं नसतं. पण अर्धवट काम तिला कधी जमलं नाही. अकरा ओळी म्हणजे पंपाच्या नऊ टाक्या. पासष्ट वर्षांची बाई, पाठीवर टाकी घेऊन, विहिरीपासून तारेपर्यंत. औषध तिचं, कंबर तिची. आणि नंतर एक शब्द नाही.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, सरळ नाव लिही. एक वर्ष कुठे आणि तीन कुठे? या वयात पुन्हा पहिल्यापासून डबा घेऊन अळ्या वेचणार आहेस?"

"ती तुझी काकू आहे."

"होती. तीन वर्षं बोलता तरी का तुम्ही? बाहेरचीच झाली ती."

फोन ठेवून मी भात टाकला. पलीकडे ताट वाजलं नाही. बहुतेक आधीच जेवली होती.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडे गेले. भट्टीसमोर त्याचा सदरा भिजला होता. मी सगळं सांगितलं, फक्त कुणी केलं ते नाही. तो पिठाचे हात पुसत म्हणाला, "काकू, एक वर्ष मी थांबेन. शब्द देतो. पण तीन वर्षं नाही जमणार. दुसरीकडून साल घ्यावी लागेल." लबाडी केली नाही त्यानं, स्वच्छ सांगितलं. निघताना एक केकचा तुकडा कागदात बांधून दिला. मी बसमध्ये खाल्ला. चांगला होता. साल माझीच असावी, थोडी कडवट लागत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं ऑफिसला गेले. पोरीनं फॉर्म पुढे केला, पेन दिलं. मी खूण केली, सही केली. माझी सही म्हणजे अक्षरं एकमेकांना धरून चालल्यासारखी असतात. पोरीनं फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, नक्की ना? हे नंतर बदलता येत नाही."

"मला वाचता येतं," मी म्हणाले.

घरी यायला दुपारचा एक वाजला. मी माझ्या दाराशी न थांबता रस्त्यानं पुढे गेले आणि तिच्या दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "कोण?" दोन वर्षं आठ महिन्यांनी पहिला शब्द, तोही दाराला.

मी दार लोटून आत गेले. धाकटी ओट्याशी उभी होती. पातेल्यातच भात कालवून उभ्यानं जेवत होती. ताट समोर मांडणीवर होतं, कोरडं. मी इतके दिवस जे ऐकत होते ते मग काय होतं, देव जाणे. तिनं पातेलं खाली ठेवलं नाही, तसंच छातीशी धरून उभी राहिली.

"उभ्यानं का जेवतेस?" मी म्हणाले.

"एकटीला बसून काय करायचं."

मी खुर्ची ओढून बसले. तिनं बसा म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "अकरा ओळी."

तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं. "कळलं होय."

"कळतं त्यांना. पानं नेऊन तपासतात. सगळ्या बागेत औषध निघालं. तीन वर्षं माझी पाण्यात."

तिचा चेहरा उतरला. हे तिला माहीत नव्हतं, ते मला तिथेच दिसलं. तिला वाटलं असणार, नंतर पाऊस झाला, धुऊन गेलं. "मला वाटलं एकदाच मारलं तर..." ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला, आणि खरं सांगते, मला तो चढलेला आवाज ऐकून बरं वाटलं. "मग काय करायचं होतं? अळीनं झाडं नागडी करून टाकली होती! फांद्या दिसायला लागल्या होत्या. सासऱ्यांनी लावलेली झाडं, तुमच्या नवऱ्यानं पाणी घातलेली. मी रोज तारेपलीकडून बघायची आणि तुमच्या दाराला कुलूप!"

"मग मला सांगायचं."

"कुणाला सांगू? कुलपाला? कुठे गेलात, कधी येणार, काही माहीत नाही. पाचव्या दिवशी बसवाला म्हणाला, थोरल्या बाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. बसवाल्याला माहीत, आणि मला नाही! मला वाटलं तुम्ही तिकडेच राहणार आता. बाग मेली तर तुम्ही परत कशाला येणार?"

मी काही बोलले नाही. हे मी कधी करत नाही.

ती ओट्याला टेकली. खालच्या आवाजात म्हणाली, "माझं नाव लिहा. मी सांगते त्यांना, मीच केलं. कुठे सही करू?"

"तुझं नाव लिहिलं तर कारखान्याला पत्र जाईल. तुझा टेम्पो बंद."

"होऊ दे."

"आता उशीर झाला," मी म्हणाले. "मी सकाळीच लिहून आले."

"काय लिहिलंत?"

तिनं पदरानं हात पुसले, पुसलेच होते तरी. मी उठले. गुडघा वाजला. दारापर्यंत गेले, आणि तिथून वळून तिला जे सांगायचं ते सांगितलं.

"दोन चौकोन होते. बाहेरची म्हणून खूण केली असती तर माझं एकच वर्ष गेलं असतं. मी घरची म्हणून केली, तीन गेली. गिऱ्हाईक गेलं, डब्यावरचं नाव गेलं. पेल्याच्या वेळी मी बोलले ते चुकलं, हे एकदाच ऐकून घे, परत म्हणणार नाही. पण तुझी चूक माझ्याहून मोठी. अकरा ओळींना अकरा काड्या खोचल्यास, आणि माझ्या दाराच्या फटीत एक चिठ्ठी खोचायला तुझा हात गेला नाही. तू घरची आहेस, धाकटे, ते मी सही करून आले. पण वरची दोन वर्षं मोजून घेतलेली घरची आहेस. एवढं महाग मी आयुष्यात काही घेतलं नाही, आणि आता ते वाया जाऊ देणार नाही."